पानराव घरी निघाले

पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे राव, साहेब, श्रीयुत. आपल्या चुन्या-काताच्या पानाशी त्याचं काही नातं नाही. दुकानदारही पान आणि घोडदळाचा सेनापतीही पान. लष्करात तर हुद्द्याच्या आधी पान लावल्याशिवाय हाकच पुरी होत नाही. या पानाला आपलं राव जोडलं तर ‘रावराव’ होतं, हे मला कळतं. पण ज्या गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे, त्यांना दुहेरी मान दिला तरी तो थोडाच पडेल. म्हणून मी त्यांना पानराव म्हणतो.

पानराव हा कुणी एक माणूस नव्हे. १७९७ पासून पुढची दीडशे वर्षं जे पोलिश शिपाई फ्रेंचांच्या, ऑस्ट्रियनांच्या, तुर्कांच्या, रशियनांच्या, इंग्रजांच्या झेंड्याखाली लढले, ते सगळे एका पातेल्यात घालून आटवले, तर तळाशी जी खरवड निघेल ते पानराव. वय विचारू नये. मिशा आहेत. बाईमाणूस समोर आलं की वाकून हाताचं चुंबन घेतल्याशिवाय त्यांचा नमस्कार पुरा होत नाही. खिशात दमडी नसते, पण बुटात तोंड पाहून घ्यावं. आणि कधीही, कुठंही भेटले तरी ते घरी निघालेले असतात.

“काय पानराव, कुठं?”

“घरी.”

“आणि हे गाव कुठलं?”

“हे होय? हे हैती.”

घराची हकिकत अशी. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी तीन हप्त्यांत पोलंड वाटून घेतलं. शेवटचा हप्ता १७९५ मध्ये. बांध कोरणारे शेजारी आपल्याकडे गावोगाव असतात. पण या तिघांचे बांध कोरता कोरता एकमेकांना येऊन भिडले आणि मधलं शेतच सातबाऱ्यावरून गेलं. ते परत लागलं १२३ वर्षांनी, १९१८ मध्ये. देश नसला म्हणून काय झालं, सैन्य असायला काय हरकत, हा प्रश्न फक्त पानरावांनाच पडू शकतो.

त्यांचा सिद्धांत साधा आहे. आपल्या शत्रूचा जो शत्रू, त्याच्या सैन्यात शिरावं. कपडे त्याचे, बंदूक त्याची, शिधा त्याचा. लढत लढत घराच्या दिशेनं सरकावं आणि दारात पोचलो की उसना कोट खुंटीला टांगून आपल्या ओट्यावर बसावं. यात अडचण एकच. शत्रू तीन. त्यातला एखादा मित्राचा मित्र निघाला की पानरावांना मागच्या दारानं बाहेर पडावं लागतं, आणि ते मागचं दार हमखास भलत्याच खंडात उघडतं.

पहिला कोट इटलीत मिळाला. नेपोलियन तेव्हा उत्तर इटलीत ऑस्ट्रियाला झोडपत होता, आणि ऑस्ट्रिया म्हणजे तीन शेजाऱ्यांतला एक. जनरल दोंब्रोव्स्की यांनी पोलिश पलटण काढायची परवानगी मागितली. पण फ्रान्सच्या घटनेत परक्या पलटणी पगारावर ठेवायला बंदी. सरकारी कचेरीत अशा अडचणीवर जो तोडगा निघतो तोच निघाला: पानराव लढतील फ्रेंचांसाठी, हजेरीपट मात्र लोंबार्डीच्या नव्या प्रजासत्ताकाचा. जानेवारी १७९७ मध्ये करार झाला. कोट पोलिश धाटणीचा, टोपीला फ्रेंच तिरंगी फूल, आणि खांद्यावरच्या पट्ट्यांवर ‘स्वतंत्र माणसं एकमेकांचे भाऊ असतात’ अशा अर्थाची इटालियन अक्षरं. एका माणसाच्या अंगावर तीन देश. आणि कोटाच्या आत? आतले पुष्कळजण कालपरवापर्यंत ऑस्ट्रियाच्या कोटात समोरून गोळ्या झाडत होते. सक्तीनं भरती केलेले पोलिश शेतकरी ते. फ्रेंचांनी कैद केले, कोट बदलला आणि तोंड फिरवून उभे केले.

त्याच वर्षी जुलैत रेज्जो गावी युझेफ विबित्स्की यांनी या पलटणीसाठी एक गाणं लिहिलं. इटलीहून पोलंडला चला, हा त्याचा भावार्थ. आज ते पोलंडचं राष्ट्रगीत आहे. त्यात परमुलुख इटलीही आहे आणि परका सेनापती बोनापार्टही. उलट इटलीच्या राष्ट्रगीताच्या शेवटच्या कडव्यात पोलंड आहे. फिट्टंफाट.

गाणं झालं, जाणं राहिलं. फ्रान्सनं ऑस्ट्रियाशी तह केला, मोडला, पुन्हा १८०१ मध्ये पक्का केला. तहात पोलंडचा प का पो नाही. आता या कवायत केलेल्या, रिकाम्या, सारखं घरी कधी जायचं म्हणून विचारणाऱ्या मंडळींचं करायचं काय? लग्न आटोपल्यावर मांडवात उरलेल्या पाहुण्यांना यजमान जसा कामाला लावतो, तसं नेपोलियननं १८०२-०३ मध्ये सुमारे ५,००० पानरावांना जहाजात घालून कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर पाठवलं. बंड मोडायचंय, एवढं सांगितलं. तिथं उतरल्यावर दिसलं की बंड करणारे म्हणजे गुलामीतून सुटलेले आणि पुन्हा गुलाम व्हायला नकार देणारे लोक. खांद्यावर स्वातंत्र्याचं वाक्य मिरवणाऱ्यांना स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर गोळ्या घालायला आणलेलं. बहुतेक पानराव तिथं पिवळ्या तापानं गेले. त्यावर विनोद करायला माझी जीभ रेटत नाही. काहीशे तिथंच राहिले, त्यातले काही तर फळी बदलून पलीकडे गेले.

पलीकडच्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली. १८०५ मध्ये त्यांचा पुढारी देसालीन यानं हैतीची घटना केली. तिच्यात गोऱ्या माणसाला तिथं जमीनजुमला धरायला बंदी होती. अपवाद नागरिक झालेल्या पोलिश आणि जर्मन मंडळींचा. आणि त्याच घटनेप्रमाणे हैतीचे सगळे नागरिक ‘काळे’ म्हणवले जाणार होते. म्हणजे निळ्या डोळ्यांचे, पिंगट मिशांचे पानराव कायद्यानं काळे ठरले. काझाल नावाच्या गावात त्यांचे वंशज आहेत. तिथल्या वोडू पंथातल्या एका देवीची तसबीर पोलंडमधल्या चेन्स्तोहोवाच्या काळ्या मेरीसारखी दिसते. पानरावांच्या गळ्यातल्या चित्रावरून ती तिकडे गेली, असं म्हणतात. घरी पोचायचं राहिलं, पण कुलदैवत पोचवलं.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं सम्राटांचा नाद सोडला असता. पानराव शहाणे कधीच नव्हते; ते निष्ठावंत होते, आणि या दोन गोष्टी एका डोक्यात फारशा नांदत नाहीत. ३० नोव्हेंबर १८०८ रोजी स्पेनमधल्या सोमोसिएर्राच्या खिंडीत त्यांनी तोफांच्या तोंडावर घोडे घातले आणि काही मिनिटांत खिंड मोकळी करून दिली. अजून पोलंडमध्ये सोमोसिएर्रा म्हटलं की छात्या फुगतात. समोरचे स्पॅनिश लोकही आपलं घरच राखत होते, हे पानरावांच्या ध्यानात आलं असेल का? मला वाटतं, आलं असावं. पण घोडा एकदा भरधाव सुटल्यावर ध्यानात आलेल्या गोष्टींचा उपयोग नसतो.

या सगळ्यात पानरावांचा जीव कशात असेल, तर तो टोपीत. कोट कुणाचाही चालेल, पण टोपी आपली आणि टोपीवरचा गरुड आपला. चौकोनी माथ्याची ती टोपी नेपोलियनच्या पोलिश भालेकऱ्यांच्या डोक्यावर इतकी शोभली, की पुढे युरोपातल्या बहुतेक भालाईत पलटणींनी तिची नक्कल केली. ज्या तीन शेजाऱ्यांनी पोलंड खाल्लं त्यांनीसुद्धा! देश नकाशावर नाही आणि त्याची टोपी मात्र सगळ्यांच्या डोक्यावर.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पानराव इंग्रजांच्या विमानदळात गेले तेव्हाही टोपी बरोबर गेली. ३०३ क्रमांकाच्या पोलिश तुकडीच्या बोधचिन्हात रशियाविरुद्ध लढलेल्या सेनानी कोश्चुश्कोची लाल चौकोनी टोपी आहे, शेतकऱ्यांचे लांब दांड्याचे विळे आहेत आणि मागे अमेरिकेच्या झेंड्याचे पट्टे नि तारे आहेत. अमेरिका कुठून आली? १९१९-२० मध्ये काही अमेरिकन वैमानिक पोलंडसाठी रशियाशी लढायला आले होते, त्यांच्या तुकडीचं हे चिन्ह. त्यांचा पुढारी मेरियन कूपर यानं पुढे ‘किंग काँग’ हा सिनेमा काढला. म्हणजे परक्याच्या सैन्यात शिरायची खोड संसर्गजन्यही आहे.

टोपी हे पानरावांचं लाडकं अपत्य, तर शपथ ही दुखरी दाढ. लढायला ते एका पायावर तयार असतात, पण लढण्याआधी जो कागद वाचायला लावतात तिथं त्यांचं बिनसतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा युझेफ पिल्सुद्स्की यांनी ऑस्ट्रियाच्या आश्रयानं पोलिश पलटणी काढल्या. ६ ऑगस्ट १९१४ रोजी पहिली तुकडी क्राकूवहून रशियाच्या हद्दीकडे निघाली. बरोबर घोडदळ होतं. म्हणजे खोगिरं होती. घोडे शत्रूकडून मिळवायचे होते. खोगीर पाठीवर घेऊन रस्त्यानं चालत निघालेला घोडेस्वार हे दृश्य जगाच्या इतिहासात दुसरीकडे असेल तर असो, मला पानरावांशिवाय दुसऱ्या कुणाच्या पाठीवर ते खोगीर दिसत नाही. आपल्याला पाहताच पोलिश जनता रशियाविरुद्ध उठेल, अशी त्यांची अटकळ होती. किएल्त्से गावात पोचले, तर बऱ्याच घरांच्या खिडक्या बंद. गावकऱ्यांचंही चुकलं नाही. रात्रीतून रशियन परत आले तर जाब त्यांनाच द्यायचा होता.

तीन वर्षं लढून झाल्यावर, जुलै १९१७ मध्ये, जर्मनांना आठवलं की या मंडळींनी आपल्याला शपथ दिलेली नाही. कागद पुढे आला. त्यात मातृभूमीशी निष्ठा होती, भावी राजाशी निष्ठा होती, आणि जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सैन्यांशी शस्त्रबंधुत्व होतं. पानरावांनी चष्मा लावला.

“हा भावी राजा कोण?”

“अजून ठरायचाय.”

“आणि त्याचं राज्य?”

“त्याच्या सीमाही ठरायच्यात.”

“मग शस्त्रबंधुत्व?”

“ते ठरलंय.”

हा संवाद माझा. पण बहुसंख्य पलटणींनी शपथ नाकारली हे खरं. पिल्सुद्स्कींना माग्देबुर्गच्या किल्ल्यात डांबलं आणि शिपायांना श्चिपिओर्नो नावाच्या गावातल्या छावणीत. तिथं रिकामपण खायला उठलं, तेव्हा ते हातानं चेंडू फेकायचा एक खेळ खेळत बसले. आज हँडबॉलला पोलंडमध्ये ‘श्चिपिओर्न्याक’ म्हणतात. माणसानं शपथ नाकारावी आणि त्यातून देशाला एक खेळ मिळावा! आमच्याकडे शपथा घेणाऱ्यांकडूनही इतकं होत नाही.

युझेफ हॅलर यांच्या ब्रिगेडनं बहुतांशी शपथ घेतली होती. तिनंही सातच महिन्यांनी, फेब्रुवारी १९१८ मध्ये, रारांचा गावाजवळ ऑस्ट्रियाची आघाडी फोडून पलीकडे उडी मारली, कारण ऑस्ट्रिया-जर्मनीनं एका तहात पोलिश वाटणारा मुलुख परस्पर युक्रेनला देऊन टाकला. मग हॅलरसाहेब मॉस्को, मुर्मान्स्क करत समुद्रमार्गे फ्रान्सला गेले आणि तिथल्या पोलिश सैन्याचे सेनापती झाले. फ्रेंचांचा कोट फिकट निळा होता, म्हणून सैन्याचं नाव निळं सैन्य. या सैन्यात अमेरिकेतल्या कारखान्यांतून नि खाणींतून वीस हजारांहून जास्त पोलिश मजूर येऊन दाखल झाले होते. हे १९१९ मध्ये खरोखर घरी पोचले. दीडशे वर्षांत इतकं सरळ क्वचितच कधी जमलं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

वीस वर्षं पानराव आपल्या ओट्यावर बसले. मग सप्टेंबर १९३९. एका बाजूनं हिटलर, सतराव्या दिवशी दुसऱ्या बाजूनं स्टॅलिन. जुन्याच शेजाऱ्यांतले दोघं, नव्या सदऱ्यात. पानरावांनी टोपी घातली आणि पुन्हा घरी जायला म्हणून घराबाहेर पडले.

काहीजण रुमानिया, फ्रान्स करत इंग्लंडात पोचले. वैमानिकांपुढे कागद आला: ब्रिटनच्या राजाशी एकनिष्ठ राहीन. एक शपथ आपल्या सरकारची आणि वर ही दुसरी. पानराव पुटपुटले, पण या खेपेला त्यांनी घेतली, घाई होती. ऑगस्ट १९४० मध्ये नवा करार झाला आणि पोलिश विमानदळ कागदोपत्री पुन्हा पोलिश झालं. मग शिकवणी. जुन्या पोलिश विमानांची चाकं कायमची बाहेर असायची. इंग्रजी विमानाची आत ओढलेली चाकं उतरताना खाली सोडायची असतात हे ते विसरायचे आणि विमान पोटावर उतरवायचे. वेगाचा दांडा त्यांच्याकडे मागं ओढायचा, इथं पुढं ढकलायचा. किलोमीटरांचे मैल. आणि रेडिओवरचे हुकूम कळावेत म्हणून इंग्रजांनी या शेकडो तास उडलेल्या वीरांना तीनचाकी सायकलींवर बसवून मैदानात फिरवलं. मिशीवाला घोडेस्वार तीनचाकीवर! नेपोलियन बरा, म्हणाले असतील.

३० ऑगस्ट १९४० रोजी ३०३ क्रमांकाची तुकडी सरावाच्या उड्डाणावर असताना लुद्विक पाश्किएविच यांना जर्मन विमानं दिसली. त्यांनी कळवलं. उत्तर आलं नाही. पानराव स्वभावाला अनुसरून रांग सोडून गेले आणि एक विमान पाडून आले. खाली उतरल्यावर त्यांना बेशिस्तीबद्दल झापण्यात आलं आणि मग त्यांचं अभिनंदन करण्यात आलं. दुसऱ्या दिवशी तुकडी लढाईत. ब्रिटनच्या त्या हवाई लढाईत १२६ विमानं पाडल्याचा हिशोब तिच्या नावावर लागला. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच उतरवला, तरी उरला तो भरपूर.

दुसरे पानराव स्टॅलिनच्या तुरुंगांत नि लाकूडतोडीच्या छावण्यांत होते. हिटलरनं रशियावर हल्ला केला तेव्हा स्टॅलिनला एकाएकी त्यांची आठवण आली. ३० जुलै १९४१ चा करार, आणि लगेच लुब्यांका तुरुंगातून जनरल व्वादिस्वाव अँडर्स बाहेर. कैदी म्हणून गेलेले सेनापती म्हणून निघाले. बुझुलुकला कचेरी थाटली. सायबेरियातून, कझाकस्तानातून लोक येऊ लागले. अंगावर चिंध्या, कित्येकांच्या पायांत बूट नाहीत. अनवाणी माणसं रांगेत ताठ उभी राहिली. बुटात तोंड पाहायची ज्यांना सवय, त्यांना बूटच नाहीत. स्टॅलिनचा शिधा पुरेना, भांडणं मिटेनात. १९४२ मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात इंग्रजांच्या हवाली झालं. बायकामुलं धरून एक लाखाच्या वर माणसं.

त्यांतली सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली, १९४३ ते १९४८. शाळा काढल्या, चर्च काढलं, नाटकं केली. पंचगंगेच्या काठी बायका वाट पाहत होत्या आणि ज्यांची वाट पाहायची ते नवरे, बाप, भाऊ इटलीत लढत होते. पुढे ही मंडळी गेली आणि त्या बराकींत फाळणीनं घर गेलेले सिंधी लोक आले. तेच आजचं गांधीनगर.

आणि इटलीत पानरावांच्या शेजारी कोण? आपलेच. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर पोलिश कोर आणि आठवी भारतीय डिव्हिजन एकाच चढाईत होत्या; त्याच दिवशी तिथं मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नगर जिल्ह्यातला शेतकऱ्याचा पोर, इंग्रजांच्या कोटात, जर्मनांशी, इटलीतल्या नदीवर. पानरावांना हसण्याचा आपला हक्क इथं जरा आखडता घ्यावा लागतो.

अँडर्सच्या गाडीत ज्यांना चढता आलं नाही, त्यांच्यासाठी स्टॅलिननं १९४३ मध्ये स्वतःची पोलिश डिव्हिजन काढली. नाव कोश्चुश्कोचं. म्हणजे जो रशियाविरुद्ध लढला त्याचं. चौकोनी टोपी दिली, कॅथलिक पाद्रीही दिला. फक्त टोपीवरच्या गरुडाचा मुकुट काढला, आणि तो गरुड असा काही घडवला की पानराव त्याला ‘कुरित्सा’, म्हणजे रशियन भाषेत कोंबडी, म्हणू लागले. अधिकारी कमी पडले तेव्हा रशियन अधिकाऱ्यांनाच पोलिश कोट चढवले. यांतल्या काहींना पोलिश बोलता येत नव्हतं. पानरावांनी त्यांना पदवी दिली: ‘पोलिश माणसाचा कार्यभार सांभाळणारा’. कचेरीत साहेब रजेवर गेल्यावर हेडक्लार्क साहेबाचा कार्यभार सांभाळतो, तसे हे. पोलिशमध्ये या पदवीची आद्याक्षरं जोडली की ‘पोप’ होतं, आणि पोप म्हणजे रशियन पंथाचा भटजी. त्या सैन्यात ‘पान’ जाऊन ‘नागरिक’ आलं. पान कॅप्टन नव्हे, नागरिक कॅप्टन. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पानरावांचा सगळा स्वभाव एका शिपायात पाहायचा असेल, तर तो वोयटेकमध्ये. हा अस्वल होता. १९४२ मध्ये इराणात शिपायांनी त्याला एका पोराकडून विकत घेतलं, व्होडकाच्या बाटलीतून आटवलेलं दूध पाजून वाढवलं. तो बिअर प्यायचा, सिगारेटी खायचा, कुस्ती खेळायचा. इराण, इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असा घराकडे जाण्याचा नेहमीचा पोलिश रस्ता त्यानं पार केला. अलेक्झांड्रियाला इंग्रजांच्या जहाजावर जनावरं चढवायला मनाई. पुन्हा तोच सरकारी तोडगा: वोयटेकला २२व्या तोफखाना पुरवठा कंपनीत शिपाई म्हणून भरती केलं, पगाराचं पुस्तक दिलं. १७९७ मध्ये फ्रेंचांनी पानरावांना लोंबार्डीच्या हजेरीपटावर चढवलं त्यात आणि यात मला तत्त्वतः फरक दिसत नाही. शपथ मात्र त्याच्याकडून कुणी घेतली नाही. सगळ्या पलटणीत तेवढा एकच भाग्यवान. मोंते कासिनोच्या लढाईत त्यानं तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्या. त्या डोंगरावर १८ मे १९४४ ला पोलिश झेंडा चढला; नऊशेच्या वर पानराव तिथं गेले. युद्धानंतर वोयटेक एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात राहिला. पोलिश बोलणारं कुणी आलं की तो मान वर करायचा. १९६३ च्या डिसेंबरात तो गेला. पोलिश सैन्यातल्या या शिपायानं पोलंड कधी पाहिलं नाही.

माणसांचंही फार वेगळं झालं नाही. बड्या लोकांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला नकाशा मांडला आणि अँडर्सच्या कितीतरी शिपायांचं घर ज्या पूर्व पोलंडात होतं, तो पूर्व पोलंडच रशियाला दिला. जुलैत लंडननं वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. १९४६ च्या जूनमध्ये लंडनला विजयाचं संचलन निघालं, त्यात पोलिश पलटणी नव्हत्या. वैमानिकांना तेवढं बोलावणं होतं. बाकीचे नाहीत तर आम्हीही नाही, म्हणून ते गेले नाहीत. शपथेच्या कागदापुढे ताठ राहणारी मान एवढ्या वर्षांनीही तशीच.

मग या दीड-दोन लाख रिकाम्या, कवायत केलेल्या, घरी कधी जायचं म्हणून आता न विचारणाऱ्या मंडळींचं करायचं काय? १९४६ मध्ये इंग्रजांनी ‘पोलिश पुनर्वसन दल’ काढलं. नाव लष्करी, काम इंग्रजी शिकायचं, एखादा धंदा शिकायचा आणि दोन वर्षांत पोटाला लागायचं. आर्न्हेमला हवाई छत्र्यांची ब्रिगेड उतरवणारे जनरल सोसाबोव्स्की पुढे लंडनच्या कारखान्यात कामगार झाले. नॉर्मंडीत जर्मनांचा कोंडमारा करणारे, ब्रेडा शहर सोडवणारे जनरल स्तानिस्वाव माचेक एडिंबरोच्या एका हॉटेलात गिऱ्हाइकांना दारू भरून देत होते. बूट पॉलिश केलेले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२६ सप्टेंबर १९४६ रोजी वॉर्सातल्या ‘नागरिक’ मंडळींच्या सरकारनं माचेक, जनरल कोपान्स्की आणि आणखी सत्तरेक अधिकाऱ्यांचं पोलिश नागरिकत्व काढून घेतलं. कारण दिलं ते असं: पुनर्वसन दलात नाव घालून हे लोक परवानगीशिवाय परक्या सैन्यात भरती झाले.